बावचीचा लेप

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला अजून तुझा राग येतो. आज औषधाच्या दुकानात माझ्या काउंटरवर एक बाई आली. चेहरा लालबुंद, सोललेला. सुरकुत्यांसाठी कुणीतरी दिलेलं रेटिनॉलचं मलम तिच्या नाजूक कातडीला सोसलं नव्हतं. "ताई, झाडपाल्याचं काहीतरी नरम द्या. बावची चांगली म्हणतात." मी तिला साधा कोरफडीचा गर दिला आणि म्हणाले, "बावची घरी वाटून लावू नका. बिलकुल न्हाई." इतकं मोठ्यानं बोलले की मालकानं मान वर करून पाहिलं.

माझं बारावीचं वर्ष होतं. गालावर पुटकुळ्या, त्यांचे डाग. जालन्याच्या डॉक्टरनं ट्यूब दिली, अगदी थोडी लाव म्हणाला. चार दिवसांत कातडी सुटायला लागली, तशी तू ती ट्यूब उकिरड्यावर फेकलीस. रविवारी भोकरदनहून पाहुणे मला बघायला येणार होते. मला पुढं शिकायचं होतं, पण ते तू विचारलंच नाहीस. शुक्रवारी सकाळी तू बांधावरची बावची आणतेस, काळं बी दह्यात वाटतेस, माझी हनुवटी मुठीत धरून लेप थापतेस. "चल जल्दी, उन्हात बस. बावचीला ऊन लागतं, मंग डाग जातो."

"आई, चुरचुर करून राह्यलं."

"करू दे. असलं थोबाड घेऊन कोण करील तुला?"

बाकी सगळं विसरेन, हे नाही.

शनिवारी दोन्ही गालांवर पाण्यानं भरलेले फोड होते. रविवारी तू मला तशीच पाहुण्यांपुढं बसवलीस आणि मुलाच्या आईला बेधडक सांगितलंस, "पोरीनं चोरून शहरातली ट्यूब लावली हो, त्यानंच जळालं." ती बाई अर्धा चहा ठेवून उठली. मी तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मग दीड महिना तू रोज सकाळी कोरफड चिरायचीस, पिवळा चीक धुऊन गर माझ्या गालांवर लावायचीस. गुण त्यानंच आला, मान्य. शेजारणी म्हणाल्या, आईचा जीव. मी मनात म्हणायची, पुढच्या पाहुण्यांची तयारी.

हे तुला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. त्या शुक्रवारी ऊन चढल्यावर तू चुलीपासून हाक मारली होतीस, "बास झालं, तोंड धुऊन टाक." बादली हाताशी होती. मी "धुतलं" म्हणाले, आणि लेप तसाच ठेवून गोठ्यामागं दुपारपर्यंत उन्हात बसून राहिले. पाहुण्यांनी मला नाकारावं म्हणून.