फाटक सोडून कुंपण

प्रिय मास्तरीणबाई,

अक्षर तुझ्या आईचं, जीभ माझी. मधेमधे ती "हे कशाला लिहायचं?" म्हणतेय, पण लिहितेय बिचारी. सुनेनं सासूचं ऐकावं, निदान कागदावर तरी!

परवा तू मला तुझी शाळा दाखवायला नेलंस आणि वर्गात मागच्या बाकावर बसवलंस, त्या परदेशातून आलेल्या नव्या मुलीशेजारी. आम्हा दोघींना इंग्रजी सारखंच येत होतं, म्हणजे नाहीच. तू गणित वाचलंस, ती गप्प. तू आणखी मोठ्यानं वाचलंस. तिसऱ्यांदा तर शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. अगं, पोरगी बहिरी नाहीये! तुझे आजोबासुद्धा मला असंच ओरडून समजवायचे आणि मी अशीच भिंतीकडे बघत राहायचे.

वाचता येत नसलं की माणूस चित्र नीट बघतो. पुस्तकात बाग होती, भोवती तारेचं कुंपण, एका बाजूला फाटक, त्यावर दोनचा आकडा. तार किती लागेल, एवढंच विचारलं असणार. आकडे मला कळतात, जन्मभर पडदे शिवलेत. चार बाजूंना बारा, आठ, बारा, आठ. पुढच्या सगळ्या वह्यांत चाळीस. या पोरीनं मात्र फाटकावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघून हसली आणि अडतीस लिहिलं. बरोबरच आहे, फाटकाला तार ठोकली तर बागेत काय उड्या मारत जायचं? तू आलीस आणि शून्य दिलंस. उत्तर पूर्ण इंग्रजी वाक्यात नाही म्हणून. चाळीसवाल्यांची वाक्यं सुरेख, म्हणून त्यांना अर्धे गुण! घरी येताना म्हणालीस, सोमवारपासून तिला खालच्या वर्गात बसवणार.

तुझी आई म्हणतेय, मुद्द्याचं बोला. बोलते. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मला शाळेत घातलंच नाही. घातलं होतं, महिनाभर. आमची घरची बोली वेगळी, गुरुजींची भाषा वेगळी. हिशेब यायचा, सांगता यायचा नाही. त्यांनी मला लहान मुलांत नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवसापासून मी गेलेच नाही. हे तुझ्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. बघ, तुझ्या आईचा हात थांबलाय. लिही गं, लिही. तर सोमवारी त्या पोरीच्या हातात खडू दे. आधी फळ्यावर काढून दाखवू दे, मग त्यातल्या एकेका गोष्टीचं नाव तिला इंग्रजीत शिकव. आणि तरीही तिला खाली पाठवलंसच, तर मंगळवारी मीही तिच्याबरोबर तिथे येऊन बसेन. पहिल्या बाकावर. बघू कशी उठवतेस.

तुझीच, अजून शाळेतून नाव न काढलेली,
आजी