कुंकू लावलेला लखोटा

अणशी, कार्तिक शुद्ध ४, शके १८३४

चि. यशवंत यास उमाजीकाकाचा आशीर्वाद. वि. वि. मी आणि तुझी काकी बरे आहोत. म्हणजे ती बरी आहे, मला झोप नाही.

कुळगीच्या लाकूड वखारीत कारकुनाच्या जागेसाठी तुझी मुलाखत झाली, एवढे परशू गाडीवानाकडून कळले. तू घरी न येता परस्पर बेळगावास गेलास. काकी म्हणते, शाळेतून एकाच दिवसाची रजा असेल. असेल. पण काय विचारले, तू काय बोललास, साहेबाचे तोंड हसरे होते की आंबट, हे कोणी सांगायचे? कोट घातला होतास ना? वरचे बटण तुटके आहे, ते मला आठवते आहे.

तुझा दोस्त झिलू तुला कराचीच्या बंदरात कामाला ओढतो आहे हेही कळले. कराची कुठे आली ते मी इथल्या शाळेच्या मास्तरास विचारले. त्याने नकाशात कुळगी दाखवली आणि मग कराचीवर बोट ठेवायला तो खुर्चीतून उठला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तुझे आईबाप गेल्यापासून हे घर तुझ्या पायरवाने भरलेले आहे. कुळगीची जागा मिळाली तर सणाला तरी येशील.

लगेच उत्तर लिही. इथे मायेला तोटा नाही, तिकडेही पडू देऊ नकोस.
उमाजी


बेळगाव, ता. १६ नोव्हेंबर १९१२

तीर्थरूप काकांचे चरणी यशवंताचा शि. सा. नमस्कार. वि. वि. कोट घातला होता. बटण मास्तरीणबाईंनी लावून दिले.

मुलाखत बरी झाली आणि शेवटी बिघडली. वखारीचे व्यवस्थापक बाबुराव यांनी हिशेब विचारला, अक्षर पाहिले, कानडीत चार ओळी लिहून घेतल्या. सगळे जमले. मग ते म्हणाले की याआधीचे दोन्ही कारकून पहिल्या पावसात जळवा पाहून पळाले, तू टिकशील का. काका, मी गप्प राहिलो. इतके दिवस मी बेळगावात काढले, उगीच बढाई कशी मारू, असा विचार करत होतो. त्यांना वाटले मी घाबरलो. त्यांनी कागद बाजूला सारला आणि पुढच्याला बोलावले.

इथले माझे मास्तर म्हणाले की मुलाखतीनंतर एक पत्र पाठवावे. वेळ दिल्याबद्दल आभार मानावेत आणि राहून गेलेली गोष्ट सांगावी. त्याप्रमाणे लिहिले आहे की, मी अणशीचा, भात लावताना जळवा काढतच वाढलो, आणि मी गप्प राहिलो तो भीतीने नव्हे. टपालाने ते फिरत फिरत जाईल, म्हणून बंद करून यासोबत ठेवले आहे. परशूदादाच्या हाती वखारीत पोचवा. झिलू मार्गशीर्षात निघतो, त्याला तोपर्यंत हो की नाही कळवायचे आहे.

काकींना नमस्कार. तुमची माया अशीच राहो.
आपला यशवंत


अणशी, कार्तिक शुद्ध १२

चि. यशवंत यास आशीर्वाद. वि. वि. तुझा लखोटा परशूने काल वखारीत नेला. आता माझे ऐक.

हे मला मुळीच पटलेले नाही. मुलगी दाखवून झाली की मुलीकडच्यांनी निरोपावर निरोप धाडायचे नसतात. धाडले की लोक म्हणतात, पोरीत काही खोट असणार. नोकरीचेही तेच. मी तो लखोटा दोन दिवस फडताळावर ठेवला होता. काकीने दोनदा विचारले की ठेवून पिकवायचा आहे का. शेवटी मनात आले की मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस, तुझे मास्तर मोठे शिकलेले, त्यांना अडवणारा मी कोण.

पण तसाच उघडाबोडका पाठवायला हात होईना. याचना केल्यासारखे दिसते. म्हणून काकीच्या करंड्यातले कुंकू घेऊन चारही कोपऱ्यांना लावले आणि मग परशूच्या हाती दिला. शुभकार्याचा कागद आहे, तो तसाच जावा. आता मला जरा बरे वाटते.

तुळशीचे लग्न झाले. ऊस तुझ्या वाटणीचा ठेवला आहे. लोभ धरलास तसा धरून ठेव.
उमाजी


बेळगाव, ता. २७ नोव्हेंबर १९१२

ती. काकांस शि. सा. नमस्कार. वि. वि. आपले पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. नोकरीच्या पत्राला कोणी कुंकू लावते का? बाबुरावांना मी अडाणी तरी वाटलो असेन नाहीतर खुळा. मास्तरांना सांगितले, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. ते हसत होते.

वखारीचे काही उत्तर नाही. आता दुसरे पत्र पाठवणे बरे दिसणार नाही. आणखी आठवडाभर वाट पाहतो, मग झिलूला होकार कळवतो. आपल्यावर राग नाही, काका. ऊस काकींनी खावा.

यशवंत


अणशी, मार्गशीर्ष शुद्ध २

चि. यशवंत यास उमाजीकाकाचा आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र आल्यापासून मी या घरात चोरासारखा वावरत होतो. काकीने तर कुंकवाचा करंडा माझ्यापासून लपवून ठेवला. आज दुपारी परशू आला, ओसरीवर बसला आणि पाणीही न पिता हसत सुटला. तो म्हणाला ते लिहितो.

त्याने लखोटा नेला त्या दिवशी बाबुराव रानात गेले होते. तो त्यांच्या मंडळींनी घेतला. कुंकू पाहून त्यांना वाटले की कोणाकडची लग्नपत्रिका आली. रीतीप्रमाणे त्यांनी ती देवापुढे ठेवली. तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांना काय तोटा, तुझ्या लखोट्यावर आणखी पाच-सहा येऊन बसल्या. तू तिथे वाट पाहतोस, मी इथे तळमळतो, आणि तुझे पत्र देव्हाऱ्यात फुले खात होते.

परवा कोणत्या लग्नाला जायचे ते ठरवायला नवराबायको बसली. बाबुरावांनी तुझा लखोटा फोडला. वर कोण, वधू कोण, मुहूर्त कधी, काही सापडेना. निघाल्या जळवा. त्यांनी ते मंडळींना मोठ्याने वाचून दाखवले. धारवाडच्या एका मुलाला जागा देण्याचे त्यांच्या मनात होते, पण त्याला पत्र अजून जायचे होते. मग परशूला बोलावून विचारले की हे कुंकू कोणी लावले. परशूने भीतभीत सांगितले की पोराचा काका अणशीला असतो, जरा काळजीखोर हाय. मला काळजीखोर म्हणायला याचे काय जाते.

बाबुराव काय म्हणाले ते परशूच्याच तोंडचे लिहितो. "ज्याच्या घरचं माणूस नोकरीच्या कागदाला कुंकू लावतंय, त्यो पोरगा पावसाळ्यात पळून जायाचा न्हाई. गेलाच तर म्हातारा कान धरून आणून सोडंल."

व्हय, सोडीन.

त्यांनी तुझ्या नावाने एक लखोटा दिला आहे, तो यात घालून पाठवतो. मी फोडलेला नाही. काकीने दिव्यापुढे धरून पाहिला, काही दिसले नाही. पण त्याचा कोपरा बघ. बाबुरावांच्या मंडळींनी चारही कोपऱ्यांना कुंकू लावून दिले आहे.

तरी नीट वाच, दोनदा वाच, आणि काय लिहिले आहे ते उलट टपाली कळव. कुळगीला थंडी फार पडते, घोंगडे काकीने काढून ठेवले आहे. झिलूला होकार कळवला असलास तरी आजच पत्र टाक की तू येत नाहीस. त्या पत्राला मात्र काही लावू नकोस.

तुझी माया आता जवळून मिळणार, तेव्हा ती पत्रात मागत नाही.
उमाजी