निळ्या नदीचं पुस्तक

बाबा, तू असतास तर हे पुस्तक आधी तुझ्यासमोर ठेवलं असतं. लहान पोरांसाठीचं आहे. कॅनडातल्या ज्या छोट्या शहरात मी हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासतो, त्या नदीकाठच्या शहराची ओळख. इथल्या शाळेत तुझ्या नातवाला घेतील का विचारायला गेलेलो, तर तिथल्या बाईंनी हे हातात दिलं. न मागता दिलं, तिथेच मनात पाल चुकचुकली.

तुझी सून कळव्याला माहेरी आहे. तिने लिहिलंय, पोराला घेऊन येते, पण त्याचं तिथे बरं होईल का, ते आधी खरं सांग. म्हणून दुपारच्या सुट्टीत मी एकेका पानाचा अर्थ लावतो आणि खाली मराठीत लिहितो, ती त्याला वाचून दाखवेल म्हणून. इंग्रजी सोपं आहे, तरी बोट ठेवून वाचावं लागतं. मी सातवीत असताना तू गेलास, नंतर शाळेची पायरी चढलो नाही.

पुस्तकात लिहिलंय, नदी आपली मैत्रीण आहे. थंडीत ती गोठते आणि मुलं तिच्यावर खेळतात. नवीन कोणी राहायला आलं की शेजारी केक घेऊन येतात. दीड वर्षात माझं दार घरमालक सोडून कोणी वाजवलेलं नाही. चित्रातली सगळी हसतायत आणि नदी निळीशार.

ते बघितलं की मला खाडीकाठच्या बाळकुम गावातला आपला ओटा दिसतो. तू जाळं सांधतोयस. आपली जागा मागायला आलेले बिल्डरचे दोन साहेब रंगीत कागद उलगडतायत, त्यात बिल्डिंगी, बाग, झोपाळे आणि कडेला आपली खाडी. काका अंगठ्याला शाई लावून तयार. तू कागद उलटासुलटा बघतोस आणि विचारतोस, "खाडी कंदी निळी असतं का रं? ज्याला पान्याचा रंग ठावं नाय, त्याचे कागदावर मी अंगठा कसा देऊ?" काका म्हणाला, याला चहा दिला तरी हा आधी मांजराला पाजेल. सगळे हसले, तूपण हसलास. अंगठा मात्र दिला नाहीस.

नवीन पाण्यात पाय टाकायचा नाही, ओहोटीला आधी तळ बघायचा, हे तूच शिकवलेलंस. म्हणून इथल्या पहिल्या सुट्टीला मी दुपारपासून नदीकाठी बसलो. अंधार पडला तरी पाणी बोटभर उतरलं नाही. मला वाटलं, वरती कुठेतरी दार लावून पाणी अडवलंय, हे लोक काहीतरी लपवतायत. किचनमधला पंजाबी कुक पोट धरून हसला. "अरे भाई, समंदर यहाँ है ही नहीं, पानी उतरेगा कैसे?" मला पटलं, तरी अजून मी त्या काठाने जात नाही.

काल शेवटचं पान झालं. खाली जागा होती. खरं म्हणजे तिथे लिहायचं होतं की इथली माणसं कशी आहेत ते मला अजून कळलेलं नाही, पोराचं बरं होईल की नाही तेही ठाऊक नाही. मी लिहिलं, सगळं पुस्तकात आहे तस्संच आहे, लवकर या. आणि सकाळी पोस्टात टाकून आलो.

हा कागद गादीखाली राहील. तुला वाचून दाखवला असता तर विचारलं असतंस, स्वतःला पटलं नाही ते पोराला का सांगितलंस. बाबा, दीड वर्ष झालं, कामावरून घरी आल्यावर मी कोणाशी बोललेलो नाही. ते दोघं आले पाहिजेत, एवढंच मला हवं होतं.