शेवटचे एकशेपाच

२ नोव्हेंबर

बंद! एकशेपाच पौंडांचा गट जानेवारीपासून बंद! बॉक्सिंग संघटनेचं पत्र आमच्या वस्तादांनी, नोंग इसिद्रोंनी, सगळ्या तालमीसमोर वाचलं. बुटक्यांची मारामारी बघायला तिकीट कोण काढतो, असं टीव्हीवाले म्हणतात म्हणे. आता आम्ही सगळ्यांनी एकशेआठात जायचं. तिथे वाळून वाळून खाली उतरलेले थोराड गडी असतात. मी पोटभर भात खाल्ला तरी एकशेसहा! माझा तिथे भुगा होईल.

करा बंद. खुशाल करा. पण त्याआधी मला रेनांते द्या.

५ नोव्हेंबर

दिला! १४ डिसेंबर, मांदावे. विजेतेपदाच्या रिकाम्या पट्ट्यासाठी, आणि या गटातली शेवटची लढत.

पट्टा रिकामा का, ते लिहूनच ठेवतो. गेल्या वर्षी तो रेनांतेचा होता. वजनाच्या दिवशी हा चॅम्पियन दोन पौंड जास्त भरला! पट्टा तिथल्या तिथे गेला. मला विचारलं, लढतोस की नाही? बोहोलहून बोट भरून माझं गाव आलं होतं. नाही कसं म्हणणार? दोन दिवस पाण्याचा थेंब न घेता मी वजन उतरवलेलं, आणि हा जेवूनखाऊन टुणटुणीत. चौथ्या फेरीत आडवा झालो. सहा आठवडे जबडा तारेने बांधलेला — बायको, फेलिसा, नळीने पेज पाजायची आणि तोंड फिरवून रडायची.

आणि हा कोण? आमच्याच तालमीतला! नोंगनी सातव्या वर्षापासून वाढवलेला. मग सेबूच्या मोठ्या तालमीत गेला. सोडणार नाही त्याला.

१९ नोव्हेंबर

नोंग म्हणतात, "डोकं थंड ठेव, सांतो." नाही ठेवणार!

२८ नोव्हेंबर

पत्रकारांसमोर दोघांना उभं केलं. त्याने हात पुढे केला. "झालं गेलं सोड ना, सांतो."

मी म्हटलं, "चोराच्या हातात हात दिला की बोटं मोजून घ्यावी लागतात." सगळे खो खो हसले. रेनांते खाली मान घालून उभा. नोंग मात्र हसले नाहीत — परतताना जीपनीत माझ्या शेजारची जागा सोडून पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. जुन्या चेल्याचा पुळका, दुसरं काय!

९ डिसेंबर

उकडलेलं अंडं, अर्धी वाटी पेज. भूक लागली की त्याचं तोंड आठवतो. भूक मरते.

१३ डिसेंबर

वजन. मी एकशेचार. तो बरोब्बर एकशेपाच — गाल आत गेलेले, ओठ फुटलेले. मी ओरडलो, "काटा नीट बघा साहेब, हे गिऱ्हाईक जुनं आहे!" हॉल दणाणला. त्याची बायको पुढच्याच रांगेत होती. बरं झालं, तिनेही ऐकलं.

१४ डिसेंबर

जिंकलो!! सहावी फेरी!

खरं तर पाचवीतच संपलं होतं. त्याचा डावा डोळा मिटला होता, हात वर येत नव्हते. पंच बघत राहिले. मी थांबू शकलो असतो — एक पाऊल मागे घेतलं की झालं. नाही थांबलो. त्याच डोळ्यावर मारत राहिलो. एक ठोसा तारेचा, एक नळीचा, एक फेलिसाच्या रडण्याचा. काय सुख होतं! खोटं कशाला लिहू?

१५ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, रेनांतेचा डावा डोळा गेला. आता तो कुठल्याच वजनात लढणार नाही.

फेलिसाने विचारलं, "झालं समाधान?" मी म्हटलं, झालं. ती भांडी घासायला निघून गेली.

१७ डिसेंबर

नोंग दुपारीच माडी पिऊन घरी आले. उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "गेल्या वर्षी वजनाच्या आदल्या दिवशी रेनांते माझ्या पाया पडायला आला होता. लहानपणापासूनची सवय — आधी माझ्या काट्यावर उभा राहायचा, मग जगाच्या. मी काटा दोन पौंड कमी दाखवेल असा फिरवून ठेवला होता. तुझ्यासाठी. एकशेतीन बघून पोरगं निर्धास्त जेवलं."

मी विचारलं, त्याला कळलं होतं?

"दुसऱ्याच दिवशी. म्हणाला, नोंग, सांतोला सांगू नका. त्याला तुमच्याशिवाय कोण आहे?"