खुराड्यातले निखारे

मंठा, ६ जानेवारी २०२५

आदरणीय बेबीताईंना,
सुमेधाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून चिठ्ठी का, म्हणाल. घरात फोन एक आणि खोल्या दोन; ज्यांच्याबद्दल लिहायचं ते मामंजी, तुमचे आबा, कान देऊन बसलेले. म्हणून जालन्याला येणाऱ्या ख्वाजाभाईंच्या जीपमधून अंड्यांच्या टोपलीत कागद पाठवतेय. टोपली तेवढी परत करा, नवी परवडत न्हाई.

थंडी अशी की हौदात हात घातला की कळ येते. पांढऱ्या कोंबडीची पिल्लं नुकतीच निघालीत, त्यातली दोन काल सकाळी आखडलेली सापडली. तेव्हापासून मामंजी पत्र्याच्या खोलीत, कोंबड्यांजवळच खाट टाकून निजतात. बल्ब लावावा तर लाइट जाते, आणि असते तेव्हा मीटर धावतं. म्हणून मी सगळ्या फटींत खताच्या गोण्या कोंबल्या, वरून शेणमातीनं लिंपलं. मुंगीलाही वाट ठेवली न्हाई. मामंजी खूश. आता म्हणून राह्यलेत, सूनबाई, घमेलंभर निखारे आण. ऐंशीला टेकलेलं माणूस, पांघरूण पेटलं म्हणजे? हे उसाचा ट्रॅक्टर घेऊन घनसावंगीकडं कारखान्याच्या रांगेत. घरी मी एकटी. मामंजींना नाही म्हणायची या घरात रीत न्हाई. तुम्ही लेक आहात, तुमचं ऐकतील.

लोभ आहेच, तो थंडीनं आखडू देऊ नका.

आपली,
सुमेधा


जुना जालना, ८ जानेवारी

प्रिय सुमेधास,
सप्रेम जयभीम.

अंडी पोचली. एक फुटलं, ते जीपच्या भाड्यात गेलं समज. मुंगीलाही वाट ठेवली नाहीस हे वाचून आधी हसले. तुझ्या काटकसरीला वारासुद्धा फुकट आलेला चालत नाही! मग हसू गेलं.

मागल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत धान्याच्या दुकानाचा राखणदार शटर ओढून शेगडीजवळ झोपला. सकाळी शटर उघडलं तर गेलेला. अंगावर चटका नाही, कपड्याला डाग नाही. निखाऱ्याचा वायू, बाई. त्याला वास नसतो, खोकला येत नाही, नुसती झोप येते. निखारा राखेत दाबलेला असला तरी बंद खोलीत ठेवायचा नाही.

फोन केला होता. आबांनीच उचलला, समदं बराबर हाय म्हणाले आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर बंद. वरच्या अंगाच्या गोण्या आधी काढ. पिल्लांना आईची ऊब पुरते. खाली कोरडं तूस जाड अंथर आणि पत्र्याखालून हवा वाहती ठेव. आबा रागावले तर रागावू देत. उत्तर आलं नाही तर मीच निघते.

तुझी,
बेबीनंदा


मंठा, १२ जानेवारी

आदरणीय ताई,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही दवाखान्यात येऊन बघून गेलात, पण मामंजींसमोर मला सांगता आलं न्हाई. म्हणून लिहिते.

मामंजींनी पुन्हा पुन्हा मागितले, आणि मी निखारे दिले. पेटू नये म्हणून त्यांच्यावर राख ओढली, घमेलं खाटेपासून लांब ठेवलं, आणि आपण फार सांभाळून केलं असं वाटून निजले.

उजाडलं तरी कोंबडा आरवला न्हाई. दाराशी गेले. मामंजी निजलेत तिथं सुनेनं कसं शिरावं, म्हणून डोक्यावर पदर घेऊन बाहेरूनच हाका मारत राहिले. ताई, किती वेळ ते सांगता येत न्हाई. आता तीच भीती मला खाते. शेवटी शेजारची मैमूना कुंपणावरून ओरडली, की अगं पागल, हाका काय मारतेस, दार ओढ! दोघींनी ओढलं. कोंबड्या माना टाकून पडलेल्या. मामंजी हलेनात. पायांशिवाय मी त्यांना कधी हात लावला न्हाई, त्यांना काखेत धरून अंगणात ओढलं. तोंडात बुद्धं सरणं, पुढचे शब्द सुचेनात. मग मी त्यांच्या नावानंच ओरडले. रामकिसन, रामकिसन! पापणी हलली.

जीप घेऊन ख्वाजाभाई धावले. तुमची चिठ्ठी त्यांच्याच खिशात होती. दवाखान्यात मामंजींच्या नाकाला नळी लागल्यावर वाचली.

तुम्ही मला एका शब्दानं बोलला न्हाईत. बोला, ताई. तुम्ही गप्प राहिलात की जास्त भ्या वाटतं.

आपली,
सुमेधा


जुना जालना, १४ जानेवारी

प्रिय सुमेधास,
सप्रेम जयभीम.

गप्प होते, कारण मनात म्हणत होते, मी तिथं असते तर मीही घमेलं दिलंच असतं. त्यांना नाही म्हणणारी एकटी आई होती. ती गेल्यापासून ते पाटावर बसून हुकूम सोडतात आणि आपण सगळे धावतो. काल पौर्णिमेच्या वंदनेला बसले, तरी डोळ्यांपुढं ती लिंपलेली खोलीच.

मी महिन्यातून एकदा येणार. तू रोज त्यांच्यापुढं असतेस. आता आईचं ते काम तुझ्याकडे. कर.

तुझी,
बेबीनंदा


मंठा, २० जानेवारी

आदरणीय ताई,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मामंजी घरी आले. पांढरी आणि तिच्या पंखाखालची चार पिल्लं वाचली, ती दाराच्या उंबऱ्याशी होती, तिथं दाराखालून थोडी हवा येत असावी. वरच्या गोण्या काढल्या, तूस अंथरलं. थंडी आहे, पण पिल्लं चिवचिव करून राह्यलीत.

काल मामंजींनी निखारे मागितले. आता झोपायच्या खोलीत, पाय शेकायला. मी न्हाई म्हणाले. चुलीचा ओटा घट्ट धरून उभी होते. ते म्हणाले, घर कुणाचं हाय? मी म्हणाले तुमचंच, पण निखारे मिळणार न्हाईत. पोत्यात गरम विटा गुंडाळून दिल्या, त्या त्यांनी पायानं ढकलल्या.

तेव्हापासून अबोला. चहा मैमूनाकडं जाऊन पितात आणि तिला सांगतात, सून हाताबाहेर गेली. आत्ता दुपारी भिंतीकडं तोंड करून पडलेत. दर दोन ओळींनी लिहिणं थांबवून मी कान देते. श्वास चालू आहे. रागानं फुरफुरतोय, पण चालू आहे.

तुमचा लोभ असू द्या. त्यांचा माझ्यावरचा येईल तेव्हा येईल.

आपली,
सुमेधा