कांचनला काय येतं

शनिवार, १८ जानेवारी १९८६. श्रूजबरी

आज आमच्याकडे तिळगूळ. पार वूस्टरहून माणसं आली. बाहेर बर्फ, त्यामुळे सगळ्यांचे कोट माझ्या पलंगावर. त्या ढिगात कांचन बसून राहिली. माझी नात, नऊ वर्षांची. बोलत नाही, कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. ऑटिझम म्हणतात इकडे.

मंडळी निघाली तेव्हा तिने एकेक कोट ओढून ज्याचा त्याच्या हातात दिला. एकही चुकला नाही. त्यात काळेच किती तरी!

उल्हासचा मित्र संजीव त्याला म्हणाला, "उल्हास, हिला मोठ्या हॉटेलात कोट सांभाळायला ठेव यार. टिप्सवर घर चालेल." सगळे हसले. माझा मुलगा उल्हासही हसला. मग म्हणाला, "मेमरी आहे तिची. कॉम्प्युटर आहे."

"मेमरी नाही," सूनबाई विनीता म्हणाली. "विनीताचं लाडकं मत," असं उल्हास पुटपुटला, तरी ती बोललीच – "तिला माणसं कळतात. फक्त तोंडावरून नाही."

दोघं किती दिवसांनी खुशीत होती. मला मात्र धास्ती. चारचौघांत लेकराचं एवढं कौतुक करू नये.

रविवार, १९

लागलीच दृष्ट. सकाळपासून कांचन भिंतीवर डोकं आपटते आहे. मीठ-मोहरी ओवाळली, पण टाकायची कशात? इथे विजेची शेगडी. तव्यावर टाकली तर धूर झाला, छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली. पोर आणखी किंचाळली.

उल्हास म्हणाला, "बाबा, प्लीज. गर्दीने होतं तिला असं."

असेल. सातवी नापास माणसाने काय बोलावं.

बुधवार, २२

उद्या शाळेच्या बाई घरी येणार. कांचनला गावातल्या शाळेत ठेवायचं की तीन तासांवरच्या निवासी शाळेत पाठवायचं, ते ठरवायला.

विनीता म्हणाली, "आम्ही ऑफिसातून येईपर्यंत ती तुमच्यापाशी असते. तुम्हालाही विचारतील. कोटांचं नक्की सांगा, बाबा."



गुरुवार, २३

बाई आल्या. उल्हासने कोटांचं सांगितलं, विनीताने सांगितलं. बाई नुसत्या मान हलवत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. उल्हास म्हणाला, "बाबा, विचारतायत, तुम्हाला तिच्यात काय चांगलं दिसतं?"

कांचन माझ्या गुडघ्याला टेकून बसलेली. कपाळावरचं टेंगूळ अजून निळं. परक्या बाईपुढे पुन्हा तेच कसं बोलू? आपल्याकडे कुणी पोराचं कौतुक केलं की म्हणतात, छे, कसलं काय. तेच तोंडून गेलं, तेही इंग्रजीत. "नो, नो. नथिंग. शी नो नथिंग."

बाईंनी लिहून घेतलं.

विनीताने माझ्याकडे पाहिलं. रागाने असतं तर बरं.

शुक्रवार, २४

उल्हास माझ्याशी बोलत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

फोन आला. निवासी शाळा. जागा आहे, एक मार्चपासून न्या म्हणाले.

तिथे तिला दहीभात कोण कालवून देणार? दुसऱ्या कशाला ती तोंड लावत नाही. चिडली की मी पाठीवर हात ठेवतो – जोरात ठेवावा लागतो, हलका चालत नाही तिला. हे त्यांना कोण सांगणार? आईबाप जीव तोडून सांगत होते आणि मी म्हातारा म्हणालो, नथिंग.

रविवार, १६

विनीता कांचनच्या कपड्यांवर नाव शिवत होती. उल्हास दुकानात गेलेला. मी म्हटलं, "सूनबाई, माझ्या जिभेने हे झालं. बाईंना फोन लाव. मी खरं काय ते सांगतो."

तिने दातांनी दोरा तोडला. "तुमच्यामुळे नाही, बाबा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मीच त्यांना फोन केला. म्हटलं, घेऊन जा. तिच्यात काय काय आहे, सगळं दिसतं मला. पण आता मला होत नाही."

मग म्हणाली, "उल्हासला सांगू नका."