सरळ झालेली चाल

लेकी,

तू हट्टालाच पेटलीस, म्हणून खुबा बदलून घेतला. रोबोटच्या हाताने हाड असं कापलं की दोन्ही पायांत केसभर फरक नाही. दुखणं गेलं, लंगडणंही गेलं.

पण डोळे गेल्यापासून तुझे बाबा मला फरफटत्या पावलांवरूनच ओळखायचे. आता त्यांची आठवणही धड नाही. मी दवाखान्यातून घरी आले, तर ते ओरडले, "कोण आहे?" मी बोलले, हात धरला, त्यांनी तो झिडकारला. "नर्स, माझ्या बायकोला बोलवा."

म्हणून आता त्यांच्या खोलीत बरा झालेला पाय मुद्दाम ओढत जाते. मग चेहरा खुलतो. "आलीस? फार दुखतंय का गं?"

"हो," म्हणते.

हे तुला पाठवणार नाही. तू खूश राहा.

तुझी,
ठणठणीत आई